जुने डॉस आणि कमांड लाइन प्रोग्राम नव्या संगणकावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.

प्र. विंडोज ११ वर जुनी एक्झी फाइल उघडली की 'हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही' असं येतं. फाइल खराब झाली का?

बहुधा नाही. प्रोग्राम १६ बिटचा आहे आणि विंडोज ६४ बिटचं, एवढंच. ३२ बिट विंडोजवर डॉसचे (विंडोजच्या आधीच्या, आज्ञा टाइप करून चालणाऱ्या प्रणालीचे) प्रोग्राम चालायचे ते एनटीव्हीडीएम नावाच्या घटकामुळे. हा घटक प्रोसेसरच्या 'व्हर्च्युअल ८०८६' मोडवर उभा होता. तो मोड १९८५ साली आलेल्या ८०३८६ पासून मिळू लागला. ६४ बिट विंडोज चालताना प्रोसेसर 'लाँग मोड'मध्ये असतो आणि तिथं व्हर्च्युअल ८०८६ मिळतच नाही, म्हणून ६४ बिट विंडोजमध्ये हा घटक घातलेला नाही. एडिट, डीबग आणि एडलिन या जुन्या आज्ञा ६४ बिट विंडोजमधून गेल्या त्याही याच कारणानं: त्या स्वतःच १६ बिटच्या होत्या.

फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटी टॅबवर 'विंडोज ९५' निवडून इथं काही होत नाही. ती सोय विंडोजच्या प्रोग्रामांसाठी आहे. जो प्रोग्राम मुळात सुरूच होत नाही, त्याच्यापर्यंत ती पोचत नाही.

प्र. माझा प्रोग्राम खरंच डॉसचा आहे, की नुसता काळ्या खिडकीत चालणारा विंडोजचा?

हे आधी ठरवा, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. एक्झी फाइलची एक प्रत काढा आणि ती नोटपॅडमध्ये उघडा (सेव्ह करू नका). बहुतेक सगळी अक्षरं कचरा दिसतील, पण पहिली दोन 'एमझेड' असतील. ही मायक्रोसॉफ्टचे अभियंते मार्क झ्बिकोव्स्की यांची आद्याक्षरं. डॉसच्या आणि विंडोजच्या, दोन्ही एक्झी फाइलींची सुरुवात अशीच होते, त्यामुळे एवढ्यावर निकाल लागत नाही. थोडं खाली पाहा:

- 'पीई' ही अक्षरं आणि जवळच 'धिस प्रोग्राम कॅनॉट बी रन इन डॉस मोड' असं वाक्य दिसलं, तर प्रोग्राम विंडोजचा आहे, ३२ किंवा ६४ बिटचा. तो नव्या विंडोजवर थेट चालायला हवा.
- 'एनई' दिसलं तर बहुधा १६ बिट विंडोजचा, म्हणजे विंडोज ३.१ च्या काळातला.
- 'डॉस/४जीडब्ल्यू' असं नाव दिसलं तर डॉसचाच, पण डॉस एक्स्टेंडर वापरून ६४० केबीच्या पलीकडची मेमरी घेणारा.
- यातलं काहीच नसेल तर साधा डॉसचा.

कॉम फाइलला (डॉसच्या प्रोग्रामांचा दुसरा प्रकार) सुरुवातीला असा 'एमझेड'सारखा माहितीचा भाग नसतो. ती जशीच्या तशी मेमरीत चढते, म्हणून जास्तीत जास्त ६५,२८० बाइटची असू शकते. कॉम नावाची फाइल याहून मोठी असेल, तर ती नाव बदललेली एक्झी समजा. लिनक्स किंवा मॅक हाताशी असेल तर 'फाइल' ही आज्ञा हे सगळं एका ओळीत सांगते.

प्र. मग कोणतं साधन घ्यावं?

खेळ आणि ग्राफिक्स असतील तर डॉसबॉक्स, म्हणजे खिडकीत जुना डॉसचा संगणक उभा करणारा प्रोग्राम. त्याची मूळ आवृत्ती ०.७४-३ ही २०१९ ची. ती स्थिर आहे, पण खेळांसाठी लिहिलेली आहे. हिशेब, स्टॉक, बिलिंग असा कामाचा प्रोग्राम असेल तर मूळ डॉसबॉक्सच्या मागे लागू नका. त्यात प्रिंटर नाही आणि फाइल लॉकिंगवर (एक जण वापरत असताना ती इतरांना बंद ठेवणं) भरवसा ठेवता येत नाही. अशा कामाला व्हीडॉस किंवा डॉसबॉक्स-एक्स बरं. व्हीडॉस खास टेक्स्ट मोडमधल्या व्यावसायिक प्रोग्रामांसाठी बनवलेलं आहे: अक्षरं ट्रूटाइप फाँटमध्ये ठळक दिसतात आणि छपाई विंडोजच्या प्रिंटरवर जाते.

जुना कंपायलर, असेंब्लर किंवा फाइल रूपांतर करणारं छोटं साधन असेल, जे बॅच फाइलमधून बोलवायचं आणि ज्याचं आउटपुट दुसऱ्या प्रोग्रामला द्यायचं, त्याला एमएस-डॉस प्लेयर वापरा. डॉसबॉक्स स्वतःची वेगळी खिडकी उघडतं, त्यामुळे त्यातलं आउटपुट बाहेरच्या पाइपमध्ये येत नाही. एमएस-डॉस प्लेयर त्याच कन्सोलमध्ये चालतो. हा फरक बऱ्याच जणांना दोन दिवस डोकेफोड केल्यावर कळतो.

१६ बिट विंडोजच्या 'एनई' प्रोग्रामासाठी वाइनव्हीडीएम आहे. आणि प्रोग्रामाला खास ड्रायव्हर, नेटवर्क किंवा नेमकं खरं डॉसच हवं असेल, तर व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) फ्रीडॉस, म्हणजे डॉसचा मोफत पर्याय, बसवा.

प्र. डॉसबॉक्समध्ये पहिल्यांदा प्रोग्राम कसा लावायचा?

सी ड्राइव्हवर थेट एक फोल्डर करा, समजा 'जुने'. नाव आठ अक्षरांच्या आत, रोमन लिपीत आणि जागा न सोडता. प्रोग्रामाचं अख्खं फोल्डर (समजा 'हिशेब') त्यात ठेवा. डॉसबॉक्स उघडला की झेड ड्राइव्हचा प्रॉम्प्ट येतो. तिथं:

'माउंट सी सी:\जुने'
'सी:'
'सीडी हिशेब'
'हिशेब'

पहिला 'सी' हा डॉसबॉक्सच्या आतला ड्राइव्ह आणि दुसरा तुमच्या खऱ्या डिस्कवरचा पत्ता. संपूर्ण सी ड्राइव्ह कधीही माउंट करू नका. डॉसच्या प्रोग्रामाला विंडोजच्या फाइली ओळखता येत नाहीत, पण पुसता येतात.

रोज हे टाइप करायचं नसेल तर सेटिंगच्या फाइलमध्ये अगदी शेवटी 'ऑटोएक्झेक' असा चौकटी कंसातला विभाग असतो. त्याखाली याच ओळी लिहा आणि शेवटी 'एक्झिट' जोडा, म्हणजे प्रोग्राम बंद केला की खिडकीही मिटेल.

खिडकी चालू असताना विंडोजमधून त्या फोल्डरात नवी फाइल टाकली तर ती आत दिसत नाही. कंट्रोल आणि एफ४ दाबलं की यादी ताजी होते. माउस अडकला तर कंट्रोल आणि एफ१०. पूर्ण स्क्रीनसाठी ऑल्ट आणि एंटर.

प्र. 'रनटाइम एरर २००' म्हणजे शून्यानं भागाकार. प्रोग्राम वीस वर्षं नीट चालला, आता शून्य कुठून आलं?

शून्य आलेलंच नाही. टर्बो पास्कल या जुन्या प्रोग्रामिंग साधनाच्या सीआरटी युनिटमध्ये (तयार कोडच्या संचात) 'डिले', म्हणजे ठरावीक वेळ थांबण्याची, सोय आहे. ती बरोबर चालावी म्हणून प्रोग्राम सुरू होतानाच संगणकाचा वेग मोजला जातो: घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, रिकामं लूप किती वेळा फिरलं ते मोजायचं आणि त्याला ५५ नं भागायचं. उत्तर १६ बिटच्या जागेत ठेवायचं, म्हणजे ते ६५,५३५ पर्यंतच मावतं. एका ठोक्यात फेऱ्या सुमारे ३६ लाखांच्या वर गेल्या की उत्तर मावत नाही आणि प्रोसेसर भागाकाराची चूक दाखवतो. 'उत्तर मावलं नाही' आणि 'शून्यानं भागलं' या दोन्ही गोष्टींना प्रोसेसर एकच खूण करतो, म्हणून संदेश दिशाभूल करणारा येतो. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या प्रोसेसरांवर ही चूक दिसू लागली.

डॉसबॉक्समध्ये उपाय सोपा. 'सायकल्स' ही सेटिंग 'मॅक्स' केली असेल तर ती '३०००' करा. चालू खिडकीत कंट्रोल आणि एफ११ नं वेग कमी होतो, एफ१२ नं वाढतो, आणि आकडा खिडकीच्या माथ्यावर दिसतो. वेगाची मोजणी प्रोग्राम सुरू होतानाच होते, म्हणून आधी कमी वेगात प्रोग्राम सुरू करायचा आणि मेनू आला की एफ१२ नं हवा तेवढा वाढवायचा. व्हर्च्युअल मशीनमध्ये असं वेग कमी करणं सहसा जमत नाही. तिथं एक्झी फाइलच पॅच करावी लागते किंवा सोर्स असेल तर दुरुस्त सीआरटी युनिटसह पुन्हा कंपाइल करावी लागते. डॉसच्या फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्रामातही वेगवान मशीनवर भागाकाराची अशीच चूक येते, आणि कारणही याच जातीचं आहे.

प्र. 'पॅक्ड फाइल इज करप्ट' असं येतं. दुसरी प्रत आणली तरी तेच.

प्रत शोधणं थांबवा. ही तक्रार जास्त मेमरी मोकळी असल्याची आहे. एक्झीपॅक या साधनानं दाबून लहान केलेल्या फाइली मेमरीच्या पहिल्या ६४ केबीमध्ये चढल्या तर त्यांचा उलगडणारा भाग चुकीच्या पत्त्यावर जातो. जुन्या काळी ती जागा डॉसनंच व्यापलेली असायची, म्हणून कुणाला हे दिसलं नाही. प्रोग्रामाच्या नावाआधी 'लोडफिक्स' लिहा: 'लोडफिक्स हिशेब'. ही आज्ञा खालची ६४ केबी अडवून ठेवते आणि प्रोग्राम वर चढवते.

प्र. डिस्कवर शेकडो जीबी मोकळे आहेत, तरी प्रोग्राम 'जागा अपुरी' म्हणतो.

मोकळी जागा तो ३२ बिटच्या चिन्हांकित संख्येत मोजतो. २ जीबीच्या वर ती संख्या ऋण होते, आणि ऋण जागेत काही मावत नाही हे त्याच्या दृष्टीनं बरोबरच. डॉसबॉक्स म्हणूनच आत जेमतेम २५० एमबी मोकळे दाखवतो ('डीआयआर' दिल्यावर दिसणारा २६२,१११,७४४ हा आकडा). एवढंही कमी किंवा जास्त हवं असेल तर माउंटच्या आज्ञेत '-फ्रीसाइझ ५००' जोडा, आकडा एमबीत.

प्र. छपाई होत नाही.

सगळ्यात जास्त वेळ इथंच जातो. डॉसचा प्रोग्राम प्रिंटर ड्रायव्हरशी बोलत नाही. तो एलपीटी१ या नावावर किंवा थेट ३७८ या हेक्स पत्त्यावरच्या पोर्टवर बाइट फेकतो: साधी अक्षरं आणि मध्ये मध्ये प्रिंटरसाठी खुणा. १५ नंबरचा बाइट आला की डॉट मॅट्रिक्स बारीक अक्षरं काढतो, १२ नंबरचा आला की पान बाहेर टाकतो. या बाइटांचा अर्थ लावणारं कुणीतरी पलीकडे असायला हवं.

३२ बिट विंडोजवरचा डॉस प्रोग्राम, किंवा एलपीटी१ वर लिहिणारा विंडोजचा कन्सोल प्रोग्राम असेल तर प्रिंटर शेअर करा, शेअरचं नाव छोटं आणि जागा न सोडता ठेवा, मग कमांड प्रॉम्प्टमध्ये:

'नेट यूज एलपीटी१: \\संगणक\प्रिंटर /पर्सिस्टंट:येस'

संगणकाला खरंच एलपीटी१ पोर्ट असेल तर ही आज्ञा अडू शकते. मग पोर्ट बायोसमधून बंद करा किंवा एलपीटी२ वापरून प्रोग्रामाला तसं सांगा.

एवढं करूनही कोरा कागद किंवा काहीच नाही, असं झालं तर प्रिंटर पाहा. स्वस्त लेझर आणि इंकजेटपैकी बरेच प्रिंटर साधा मजकूर ओळखतच नाहीत. पानाचं चित्र विंडोजनं तयार करून द्यावं लागतं. ते या मार्गानं कधीच छापणार नाहीत. आणि सगळं छापून शेवटचं पान आतच राहत असेल तर प्रोग्राम शेवटी १२ नंबरचा बाइट पाठवत नाही. डॉट मॅट्रिक्सवर हे लक्षात येत नसे, कारण कागद तिथून हातानंच फाडायचा असे.

डॉसबॉक्स-एक्समध्ये 'पॅरलल१=प्रिंटर' असं लिहिलं की आत एक आभासी डॉट मॅट्रिक्स उभा राहतो. तो खुणांचा अर्थ लावून पानाचं चित्र बनवतो आणि विंडोजच्या कुठल्याही प्रिंटरकडे देतो. 'पॅरलल१=फाइल' लिहिलं तर बाइट नुसते फाइलमध्ये पडतात. सुरुवात या दुसऱ्यानं करा: फाइल भरली म्हणजे प्रोग्राम छापतोय, दोष पुढे आहे.

यूएसबी ते पॅरलल केबल घेऊन काम होईल असं वाटतं, पण त्या केबलनं एलपीटी१ तयार होत नाही, यूएसबी००१ सारखं पोर्ट तयार होतं. थेट ३७८ वर लिहिणाऱ्या प्रोग्रामाला आणि पॅरलल पोर्टावरच्या डोंगलला (प्रोग्रामाच्या परवान्याच्या किल्लीला) ती निरुपयोगी आहे.

प्र. चौकटीच्या रेघांऐवजी विचित्र अक्षरं दिसतात.

कोड पेजचा, म्हणजे कोणत्या बाइटचं कोणतं अक्षर हे सांगणाऱ्या तक्त्याचा, घोळ. ४३७ या पेजमध्ये १९६ नंबरचा बाइट आडवी रेघ आहे आणि १७९ नंबरचा उभी. विंडोजच्या १२५२ मध्ये तेच बाइट दोन टिंबांचा ए आणि छोटा वर चढवलेला ३ होतात. स्क्रीनवर ए आणि ३ यांच्या रांगा दिसल्या की समजायचं. कन्सोल प्रोग्राम असेल तर आधी 'सीएचसीपी ४३७' द्या. प्रोग्राम युरोपीय अक्षरं वापरत असेल तर ८५०. छापून आलेल्या कागदावर हा घोळ असेल तर ती सेटिंग प्रिंटरच्या मेनूत असते.

प्र. प्रोग्राम चालतो, पण 'फाइल सापडत नाही' म्हणतो.

नाव लांब आहे. डॉसला नावाची आठ आणि विस्ताराची तीन अक्षरं कळतात. विंडोजमध्ये 'डीआयआर /एक्स' दिलं की लांब नावाचं छोटं रूप दिसतं, शेवटी लाटेची खूण आणि आकडा असलेलं. तो रकानाच रिकामा असेल तर त्या ड्राइव्हवर छोटी नावं बनवणं बंद केलेलं आहे. फाइलचं नाव स्वतःच छोटं करणं हा सगळ्यात पक्का उपाय. डॉसमध्ये आज्ञेची ओळही १२७ अक्षरांतच संपते, त्यामुळे बॅच फाइलमधून लांबलचक पत्ते दिले तर शेपूट गुपचूप कापली जाते.

प्र. क्लिपर या डेटाबेस भाषेत लिहिलेला प्रोग्राम फाइल हँडल (एकाच वेळी फाइली उघड्या ठेवण्याच्या जागा) अपुरी असल्याची तक्रार करतो.

दोन जागी वाढवावं लागतं. एनटीव्हीडीएम असेल तर सिस्टम३२ फोल्डरातल्या कॉन्फिग.एनटी मध्ये 'फाइल्स=१२०', आणि प्रोग्राम सुरू करण्याआधी 'सेट क्लिपर=एफ:१००'. एकच वाढवून उपयोग नाही. मूळ डॉसबॉक्समध्ये पहिला आकडा १२७ वर पक्का आहे, तिथं फक्त दुसरी ओळ द्या.

प्र. दोघा-तिघांना एकाच वेळी तीच डीबीएफ (डेटाबेसच्या नोंदींची) फाइल वापरायची आहे.

मूळ डॉसबॉक्समध्ये हे करू नका. लॉक मागितला की मिळाला असं सांगितलं जातं, पण खाली फाइल लॉक होत नाही. दोन जणांनी एकच नोंद बदलली की इंडेक्स बिघडतो, आणि ते आठवड्यानं कळतं. व्हीडॉस लॉक खालच्या विंडोजपर्यंत पोचवतं. डॉसबॉक्स-एक्समध्ये डॉस विभागात फाइल लॉकिंगची सेटिंग आहे, ती चालू करून दोन खिडक्यांत एकच नोंद उघडून पाहा. दुसरीकडे 'नोंद वापरात आहे' असं आलं नाही, तर अजून तयारी झालेली नाही.

प्र. ३२ बिट विंडोज १० चा जुना संगणक आहे. तोच ठेवला तर?

चालेल, तिथं एनटीव्हीडीएम आहे. डॉसचा प्रोग्राम पहिल्यांदा उघडला की विंडोज ते बसवायची परवानगी मागतं. पण विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे हा संगणक इंटरनेटपासून तोडलेला बरा. आणि व्हिस्टापासूनच्या डिस्प्ले ड्रायव्हरांवर डॉस खिडकी पूर्ण स्क्रीन होत नाही, हे धरून चाला.

प्र. लिनक्सवर जुना प्रोग्राम समोर दिसतोय, तरी 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'.

सापडत नाही ती तुमची फाइल नव्हे, तिला चढवणारा लोडर. 'फाइल' आज्ञा दिल्यावर '३२-बिट' आणि 'इंटरप्रिटर /लिब/एलडी-लिनक्स.एसओ.२' असं दिसेल, आणि नेमका तोच ६४ बिट बसवणीत नसतो. डेबियन आणि उबुंटूवर रूट म्हणून:

'डीपीकेजी --ॲड-आर्किटेक्चर आय३८६'
'एपीटी अपडेट'
'एपीटी इन्स्टॉल लिबसी६:आय३८६'

मग प्रोग्रामावर 'एलडीडी' (लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी आज्ञा) चालवा. ज्या ओळीपुढे 'नॉट फाउंड' येईल ती लायब्ररीही 'आय३८६' जोडून बसवा. शेल स्क्रिप्टला हाच संदेश येत असेल तर ती विंडोजवर सेव्ह झालेली असते: ओळीच्या शेवटी जादा कॅरेज रिटर्न राहतो आणि इंटरप्रिटरच्या नावाला चिकटतो. 'डॉस२युनिक्स' चालवा. अगदी पुराणे ए.आउट प्रकारचे प्रोग्राम मात्र ५.१९ पासूनच्या कर्नलवर चालत नाहीत. आणि नीट चालणाऱ्या ३२ बिट प्रोग्रामातही वेळ ३२ बिटमध्ये साठवली असेल, तर १९ जानेवारी २०३८ नंतरच्या तारखा आजच देऊन पाहा.

प्र. मॅकवर?

डॉसच्या प्रोग्रामांसाठी डॉसबॉक्स-एक्स. मॅकचेच जुने ३२ बिट प्रोग्राम २०१९ च्या कॅटलिनापासून चालत नाहीत, आणि पॉवरपीसी या मॅकच्या जुन्या प्रोसेसरचे २०११ च्या लायनपासून. त्यांना जुनी मॅकओएस व्हर्च्युअल मशीनमध्ये लागते.

प्र. प्रोग्राम सोडून फक्त माहिती काढून घ्यायची असेल तर?

डीबीएफ असेल तर लिब्रेऑफिस कॅल्क ती थेट उघडतं. उघडताना कॅरेक्टर सेट विचारलं जातं, तिथं बहुधा ४३७ किंवा ८५०. फाइलचा पहिला बाइट पाहून घ्या: ३ असेल तर ती एकटी पुरे, १३१ असेल तर सोबतची डीबीटी आणि २४५ असेल तर एफपीटी फाइलही त्याच फोल्डरात हवी, कारण लांब टिपणं तिथं असतात. तारखा आत आठ अंकी असतात, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. त्यामुळे स्क्रीनवर वर्ष दोनच अंकी दिसत असलं तरी फाइलमध्ये ते चार अंकी असतं. पण दोन अंकी वर्ष टाइप केल्यावर प्रोग्रामानं ते १९०० च्या शतकात टाकलं असेल, तर आत १९०३ साठवलेलं सापडेल. कॅल्कमध्ये तारखेच्या रकान्यावर चढत्या क्रमानं लावणी करा. अशा नोंदी सगळ्यात वर येतात.